ठोकून बघ! लॉन्गबोर्डचा इतिहास, इतवारीच्या कानाने

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भागाचा लिखित पाठ. बोलताना जिथं अडखळले तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट सुरू होते एका व्हॉट्सअ‍ॅप फोटोपासून. मागच्या ऑक्टोबरात मी बाबांच्या दुकानात बसले होते. आमचं दुकान इतवारीत, भांड्यांच्या ओळीत. बाहेर हातठेल्यांची खडखड, शेजारी पितळी गंज उतरवणं चाललेलं, आणि माझ्या फोनवर गोव्याहून एक फोटो आला: पांढरा, लांबलचक सर्फबोर्ड, नऊ फूट दोन इंच. खाली लिहिलेलं, "एकदम मस्त कंडिशन, २८ हजार, उद्यापर्यंत सांग."

माझं बजेट ३० हजार. वर्षभर एडिटिंगची कामं करून साठवलेले. मी यूपीआय उघडलं सुद्धा होतं.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय घेऊन राहिली?"

मी फोटो दाखवला.

"वजन किती आहे?"

"विचारलं नाही."

"ठोकून पाहिलं कोणी?"

"बाबा, सर्फबोर्ड आहे तो. कढई नाही."

"मग? फोटो पाहून कढई तरी घेते का कोणी?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण पैसे पाठवले नाहीत. त्या रात्री मी वाचायला बसले, की ही वस्तू नेमकी बनते कशी, एवढी महाग का असते आणि लांब बोर्ड, छोटा बोर्ड ही भानगड आली कुठून. वाचता वाचता लक्षात आलं, की बाबांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सर्फिंगच्या इतिहासातच आहेत. म्हणून आजचा भाग: लॉन्गबोर्डचा इतिहास, आणि त्यातून माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या, मोजके पैसे असलेल्या माणसानं काय घ्यावं.

आधी मी कुठं उभी आहे

तुम्ही म्हणाल, नागपूरकर आणि सर्फिंग? बरोबर आहे. समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो भिवंडीपाशी संपतो. समुद्र त्याच्याही पुढे. आमच्याकडे शहराला वारांची नावं आहेत, इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, पण भरती-ओहोटीचा वार एकही नाही.

मी चार वर्षांपूर्वी गोव्यात शिकायला लागले. वर्षाला दोन फेऱ्या, मिळून सोळा दिवस. आता फेसाळ पांढऱ्या पाण्यात नाही, तर न फुटलेल्या लाटेवर उभी राहता येतं. उजवीकडे सरळ रेषेत जाता येतं. डावीकडे गेले की दहातून सहा वेळा पाण्यात. वळण म्हणावं असं वळण अजून जमत नाही. म्हणजे शिकाऊ नाही, पण तयारही नाही. या मधल्या टप्प्यावर माणूस सगळ्यात जास्त चुकीची खरेदी करतो, कारण त्याला वाटतं आपल्याला आता येतं.

पहिला लॉन्गबोर्ड राजाचा होता

चला हवाई बेटांवर. १७७९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जेम्स किंग नावाच्या अधिकाऱ्यानं तिथले लोक फळीवर झोपून लाटेबरोबर किनाऱ्याला येतात याचं वर्णन लिहून ठेवलं. पण तोपर्यंत हा खेळ तिथं कित्येक पिढ्या जुना झालेला होता.

हवाईत फळ्यांचे प्रकार होते. सगळ्यात लहान "पायपो", पोटावर झोपून चालवायची. मग "अलाया", पातळ आणि मध्यम लांबीची. आणि सगळ्यात लांब "ओलो", जी मुख्यतः सरदार-राजघराण्यातले लोक वापरायचे. ओलोसाठी विलिविली नावाचं हलकं लाकूड पसंत केलं जायचं. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये अब्नेर पाकी या सरदाराच्या फळ्या आहेत: सुमारे १६ फूट लांब आणि वजन साठ किलोच्या वर. हलकं लाकूड पसंत करणाऱ्यांच्या फळीचं हे वजन!

आता इथं थांबा. लांब फळी राजाचीच का? कारण साधं आहे. फळी जितकी लांब, तितकी ती पाण्यावर जास्त तरंगते आणि हातानं वल्हवताना जास्त वेग घेते. वेग असला की लाट उभी राहायच्या आधीच, ती नुसता फुगवटा असतानाच, पकडता येते. म्हणजे सगळ्यात जास्त लाटा त्यालाच. लांबी ही पहिल्यापासून सत्तेची गोष्ट होती. आजही लाइनअपमध्ये, म्हणजे लाटांची वाट पाहत जिथं सगळे बसतात तिथं, लॉन्गबोर्डवाल्यावर लोक चिडतात ते यामुळेच.

आणि माझ्यासारखीला लांब बोर्ड हवा तो याच कारणासाठी. मला स्टाइल मारायची नाही. मला वर्षातल्या सोळा दिवसांत जास्तीत जास्त लाटा हव्यात. एका सत्रात छोट्या बोर्डावर चार लाटा मिळत असतील आणि लांब बोर्डावर बारा, तर शिकणं तिप्पट. इतका साधा हिशोब आहे.

जे लाकूड बाजारात, त्याचा बोर्ड

एकोणिसाव्या शतकात हवाईत हा खेळ जवळजवळ विझला. बाहेरून आलेल्या रोगांनी तिथली लोकसंख्या भयंकर घटली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना हा खेळ पसंत नव्हता. जमीन आणि जगण्याची पद्धत बदलली. पण पूर्ण विझला नाही.

१८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकायला गेलेल्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझला तिथल्याच रेडवुड लाकडाच्या फळ्या कापून घेतल्या आणि लाटांवर उतरले. पुढं ड्यूक कहानामोकू आला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेणारा हवाईयन जलतरणपटू. तो १९१४-१५ च्या ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात सिडनीला गेला, तिथं पाइनचं लाकूड घेऊन त्याचा बोर्ड केला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर तो चालवून दाखवला. तो बोर्ड आजही तिथल्या क्लबमध्ये जपून ठेवलाय.

मला यातला व्यवहार आवडला. आपल्या लकडगंजसारखंच: ज्या गावात जाल तिथल्या लाकडाच्या बाजारात काय आहे ते पाहा, आणि त्याचं करा. महागडी फळी मागवत बसला नाही ड्यूक. पण अडचण वजनाची. भरीव लाकडाचे ते बोर्ड उचलून वाळूतून नेणं हेच अर्ध्या माणसांच्या आवाक्याबाहेर. म्हणजे बोर्ड पैशानं स्वस्त झाला, पण अंगाला महाग राहिला.

मारबत आणि टॉम ब्लेक

१९२० च्या दशकात टॉम ब्लेक नावाचा अमेरिकन माणूस होनोलुलूला आला. त्यानं बिशप म्युझियममधल्या पाकीच्या त्याच जुन्या फळ्या दुरुस्त केल्या. त्या पाहून त्याच्या डोक्यात आलं, की लांबी हवी पण वजन नको. त्यानं आधी फळीला भोकं पाडून वर पातळ लाकूड लावून पाहिलं. मग पुढची पायरी: आत बरगड्या, वर पातळ कातडी, मध्ये हवा. १९३२ मध्ये त्याला या पोकळ बोर्डाचं पेटंट मिळालं.

नागपूरकरांनो, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत आणि बडगे निघतात ते कसे बनतात? आत बांबूचा सांगाडा, वरून कागद. एवढी मोठी आकृती, आणि माणसं ती मिरवत नेऊ शकतात कारण आत हवा आहे. ब्लेकचा बोर्ड म्हणजे पाण्यातली मारबतच. फक्त मारबतीला पावसानं भिजली तरी त्याच दिवशी जायचं असतं. बोर्डाला परत यायचं असतं. आणि पोकळ बोर्डात पाणी शिरलं की संपलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा: बोर्डाचा शत्रू दगड नाही, आत शिरलेलं पाणी आहे. आज बोर्ड पोकळ नसतात, पण नियम तोच आहे. बाबांनी वजन का विचारलं ते मला इथं कळलं. नऊ फुटी चांगला बोर्ड साधारण सात-आठ किलोचा असतो. तो दहाच्या पुढं गेला, तर एक तर मुद्दाम जाड काच चढवलेला असतो, नाही तर तो समुद्र पिऊन बसलेला असतो.

ब्लेकचं अजून एक काम: १९३५ मध्ये त्यानं बोर्डाच्या खाली मागच्या बाजूला फिन लावला, म्हणजे माशाचा पर. त्याआधी बोर्ड वळवायचा तर पाय पाण्यात घालून घसटत वळवावा लागायचा.

युद्धातून आलेली काच, आणि एका मुलीचा बोर्ड

दुसऱ्या महायुद्धानं विमानं आणि जहाजांसाठी दोन गोष्टी पुढं आणल्या: फायबरग्लास, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, आणि ते घट्ट करणारं रेझिन. युद्ध संपल्यावर हा माल कॅलिफोर्नियात मिळायला लागला. आता बाल्सासारखं अगदी हलकं लाकूड घ्यायचं, वर काचेचं कापड, त्यावर रेझिन. पाणी आत जात नाही, आणि वजन पूर्वीच्या एक-तृतीयांशावर.

बॉब सिमन्स नावाचा एक गणिती डोक्याचा माणूस याच्याही पुढं गेला. त्यानं लाकडाऐवजी स्टायरोफोम वापरून पाहिला. पण तेव्हाचं पॉलिएस्टर रेझिन स्टायरोफोमला लागलं की फोम विरघळायचा. म्हणून त्यानं फोमवर आधी प्लायवूडची कातडी चढवली आणि मग काच. पुढं सांगणारच आहे, पण आत्ताच डोक्यात ठेवा: पॉलिएस्टर रेझिन आणि पॉलिस्टायरीन फोम यांचं जमत नाही. जुना बोर्ड घेताना हे वाक्य तुमचे हजारो रुपये वाचवेल.

आणि १९४७ चा तो किस्सा. जो क्विग नावाच्या कारागिरानं डॅरिलिन झॅनक या मुलीसाठी एक हलका, आटोपशीर बाल्सा बोर्ड बनवला, जो तिला स्वतःला उचलता येईल. मालिबूची पोरं तो तिच्याकडून मागून न्यायला लागली. कारण त्यांच्या लक्षात आलं, की "मुलीचा" म्हणून केलेला हा हलका बोर्ड त्यांच्या जड बोर्डांपेक्षा सहज वळतो! पुढच्या मालिबू बोर्डांची वाट तिथून निघाली.

मला हा किस्सा फार जवळचा आहे. मी ५८ किलोची. पहिल्यांदा जो बोर्ड भाड्यानं मिळाला तो मला काखेत मावत नव्हता. डोक्यावर घेऊन वाळूतून जायचे, घागरीसारखा. तुम्हाला बोर्ड गाडीपासून पाण्यापर्यंत एकट्यानं नेता आला पाहिजे. नाही आला तर तो कितीही स्वस्त असो, तो तुमचा नाही. विकत घ्यायच्या आधी उचलून पन्नास पावलं चालून बघा.

साच्यातून निघालेला बोर्ड

१९५८ च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे साच्यातून काढायला सुरुवात केली. या ठोकळ्याला ब्लँक म्हणतात. या फोमवर पॉलिएस्टर रेझिन चालायचं, विरघळण्याची भानगड नाही. मधोमध ताकदीसाठी लाकडाची एक पट्टी, तिला स्ट्रिंगर म्हणतात. आता बाल्साचं लाकूड शोधत बसायची गरज नव्हती. १९५९ मध्ये "गिजेट" हा सिनेमा आला, एका मुलीच्या सर्फिंगवरचा, आणि अमेरिकेतली पोरं-पोरी समुद्राकडं धावली. साचा तयार होता, गिऱ्हाईक तयार झालं.

पण गिऱ्हाईक सगळेच होऊ शकत होते का? नाही.

सांता मोनिकाला बे स्ट्रीटजवळ एक किनारा होता, जिथं काळे लोक जात. बाकी ठिकाणी त्यांना हाकलण्याचे अनुभव येत. तिथं निक गॅबल्डन नावाचा तरुण १९४० च्या दशकात सर्फिंग शिकला, आणि तेही लाइफगार्डच्या उसन्या घेतलेल्या लांब बोर्डावर. मालिबूला जायचं तर तो कित्येक मैल पाण्यातून वल्हवत जायचा. जून १९५१ मध्ये मालिबूच्याच धक्क्यावर आपटून तो गेला. वय २४.

नागपुरात बसून ही गोष्ट वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७, चवदार तळं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. प्यायचं पाणी आणि खेळायचं पाणी यात फरक आहे, मला कळतं. पण पाणी कुणाचं, हा प्रश्न एकच आहे. आणि म्हणून "परवडणारा बोर्ड" हा मला नुसता बचतीचा विषय वाटत नाही. कुणाला बोर्ड मिळतो यावरून कुणाला समुद्र मिळतो ते ठरतं. गॅबल्डनला कुणीतरी बोर्ड उसना दिला, म्हणून आज त्याचं नाव आपल्याला माहीत आहे.

फॅशन आली आणि लांब बोर्ड भंगारात

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग सॅन डिएगोला जगज्जेता झाला तेव्हा त्याचा बोर्ड नऊ फूट चार इंचाचा होता. पुढच्या दोनच वर्षांत चित्र पालटलं. १९६७-६८ मध्ये बॉब मॅकटॅव्हिश आणि इतरांनी बोर्ड आखूड करत नेले. आठ फूट, सात फूट, अजून खाली. लाटेच्या उभ्या भिंतीवर वर-खाली झोके घेता यायला लागले. पोरांनी आपल्याच लॉन्गबोर्डांची काच सोलली आणि आतला फोम कापून छोटे बोर्ड बनवले. दुकानात उरलेले लांब बोर्ड कुणी विचारेना.

मोठी क्रांती होती, यात शंका नाही. पण ती कुणासाठी? ज्यांना आधीच चांगलं येत होतं त्यांच्यासाठी. मधल्या टप्प्यावरच्या लाखो लोकांच्या लाटा त्या फॅशननं कमी केल्या. पुढच्या दशकांत लॉन्गबोर्ड परत आला तो काही उगाच नाही.

मी पण याच सापळ्यात पाय टाकणार होते. दुसऱ्या वर्षी मला सहा फूट चार इंचाचा टोकदार बोर्ड स्वस्तात मिळत होता. दिसायला इतका देखणा! शिकवणाऱ्या दादांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, तुझ्या लाटा कुठल्या?" आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा आपण आत जात नाही. ऑक्टोबरपासून मे पर्यंत, जेव्हा आपल्यासारखे शिकतात, तेव्हा लाटा बहुतेक वेळा लहान आणि मऊ. मऊ लाटेत ढकलायची ताकद कमी. मग ती कमतरता बोर्डाच्या लांबीनं भरून काढायची. कोकण, गोवा, कारवारच्या बाजूला मधल्या टप्प्यावरच्या माणसाला लॉन्गबोर्ड हा शौक नाही, तो तिथल्या पाण्याचा हिशोब आहे.

५ डिसेंबर २००५

गॉर्डन क्लार्कचा धंदा इतका वाढला, की अमेरिकेतले बहुतेक ब्लँक त्याच्याच कारखान्यातून निघायचे. आणि ५ डिसेंबर २००५ ला त्यानं अचानक कारखाना बंद केला. विषारी रसायनांचे नियम, खटल्यांची भीती अशी कारणं गिऱ्हाइकांना फॅक्सनं कळवली, आणि साचे मोडून टाकले. सर्फिंगवाले त्या दिवसाला "ब्लँक मंडे" म्हणतात. ब्लँकच्या किमती उसळल्या. अख्खा बाजार एका माणसाच्या साच्यावर उभा होता हे सगळ्यांना एका दिवसात कळलं.

इतवारीत कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा: एकाच ठिकाणचा माल धरून बसणं म्हणजे काय असतं ते तो सांगेल.

पण या धक्क्यानं दुसरे रस्ते रुंद झाले. पॉलिस्टायरीन फोम आणि इपॉक्सी रेझिन, ही जोडी आधीपासून होती. सिमन्सची अडचण इपॉक्सीनं सोडवली होती, कारण ते स्टायरोफोमला विरघळवत नाही. थायलंडमध्ये साच्यातून असे बोर्ड मोठ्या संख्येनं निघत होते. आणि तिसरा प्रकार, वरून मऊ फोमची कातडी असलेला सॉफ्ट-टॉप. तैवानमध्ये बनलेले आठ फुटी सॉफ्ट-टॉप अमेरिकेत कॉस्टको या घाऊक दुकानांच्या साखळीत सुमारे १०० डॉलरला मिळायला लागले. जाणकारांनी नाकं मुरडली. पण समुद्रात इतके नवे लोक याआधी कधी उतरले नव्हते.

आपल्याकडे

भारतातला संघटित सर्फिंगचा इतिहास अजून तरुण आहे. कर्नाटकात मुल्कीला जॅक हेबनर, ज्यांना "सर्फिंग स्वामी" म्हणतात, त्यांच्या आश्रमातून २००४ मध्ये मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला. २००७ मध्ये मुंबईची इशिता मालवीय आणि तुषार पथियान यांनी उडुपीजवळ कोडी बेंगरे इथं शाका सर्फ क्लब काढला. २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया आली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये, सर्फिंग पहिल्यांदा ऑलिम्पिक खेळ झाला.

मग लॉन्गबोर्ड आपल्याकडे महाग का? कारण बरेचसे बाहेरून येतात, आणि नऊ फुटी वस्तूचं भाडं वजनावर नाही, जागेवर लागतं. सात किलोचा बोर्ड, पण खोका माणसापेक्षा उंच. म्हणून आपल्यासारख्यांचा खरा बाजार म्हणजे जुना माल: सर्फ स्कूलनं काढून टाकलेले, किंवा परत जाणाऱ्या पाहुण्यांनी विकलेले बोर्ड.

तर, काय घ्यावं?

इतिहासानं तीन पर्याय समोर ठेवलेत.

पहिला, पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिन, क्लार्कच्या वंशातला. पाण्यात भारदस्त वाटतो, दुरुस्ती सोपी. पण लवकर खळगे पडतात आणि उन्हानं पिवळा पडतो.

दुसरा, पॉलिस्टायरीन आणि इपॉक्सी, सिमन्सच्या वंशातला. हलका, टणक. पण चीर पडली आणि तसाच पाण्यात नेला, तर पाणी पितो. आणि दुरुस्ती इपॉक्सीनंच. कुणी घाईत पॉलिएस्टर लावलं, तर आतला फोम विरघळलेला असू शकतो.

तिसरा, सॉफ्ट-टॉप. सगळ्यात स्वस्त, डोक्याला लागला तरी जीव वाचतो. गर्दीच्या किनाऱ्यावर तोच घ्या. पण वेगात रेषेवर धरून ठेवायला कमी पडतो. माझ्यासारख्याला वर्षा-दोन वर्षांत त्याची मर्यादा जाणवते.

आकाराचं म्हणाल तर, मधल्या टप्प्यावर टोकाचं काही घेऊ नका. नऊ फूट ते नऊ-चार. रुंदी साडेबावीस इंचांच्या आसपास. पुढून फार वर वळलेला नको, तो पाणी ढकलत बसतो; अगदी सपाटही नको, तो उभ्या लाटेत नाक खुपसतो. फिनसाठी मध्ये एक मोठी खाच आणि बाजूला दोन छोट्या असतील तर उत्तम, म्हणजे एकच बोर्ड दोन तऱ्हेनं चालवता येतो.

दोन आवाज

नोव्हेंबरात मी गोव्याला गेले. तो फोटोतला बोर्ड तेव्हाही विकायचा होता. मी सामान तोलायचा लटकता काटा घेऊन गेले होते. वजन भरलं दहा किलो दोनशे. मग बोटाच्या पेरानं नाकापासून शेपटीपर्यंत ठोकत गेले.

[ठक, ठक, ठक, ठक, ढब, ढब, ठक]

हा आवाज खरा आहे, फोनवर रेकॉर्ड केलेला. तो मी बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, तेही आवाजातच: "मला तुझ्या फळीतलं काही समजत नाही. पण एका भांड्याचे दोन आवाज नको."

जिथं ढब आला तिथं अंगठ्यानं दाबलं, तर काच खाली गेली आणि वर आली. काच आणि फोम सुटलेले होते, नेमके जिथं पाय ठेवायचा तिथंच. विकणारा म्हणाला, असं सगळ्यांचंच असतं. मी हात जोडले.

चार दिवसांनी दुसरा मिळाला. नऊ फुटी इपॉक्सी, सहा किलो नऊशे. नाकावर दुरुस्ती, दिसायला ठिगळच. पण ठोकून एकच आवाज, ठिगळ नखाला टणक, एका डोळ्यानं मधल्या रेषेवरून पाहिलं तर कुठं घडी नाही, फिनच्या खाचांभोवती चीर नाही, आणि दुरुस्ती इपॉक्सीनं केल्याचं ज्यानं केली त्याच्याकडूनच कळलं. २४ सांगितले, २२ हजारांत सुटला.

आणि हो, एकटीनं नाही घेतला. पुण्याची एक मैत्रीण आणि मी, निम्मे-निम्मे. हिशोब असा: भाडं दिवसाला ५०० रुपये धरलं, तर माझे सोळा दिवस म्हणजे वर्षाला ८,०००. बोर्डात माझे ११,०००, आणि ठेवायचे महिन्याला ५०० आम्ही वाटून देतो, म्हणजे माझे वर्षाला ३,०००. सव्वादोन वर्षांत बरोबरी. तुमचे दिवस वर्षाला पाच-सहा असतील, तर विकत घेऊच नका. भाड्यानं घ्या, आणि अभिमानानं घ्या.

बोर्ड किनाऱ्यावरच आहे, इतवारीत नाही. बाबा म्हणाले होते, "गोदामात ठेव, जागा आहे." पण आपल्या मे महिन्यात टिनाच्या छताखाली बोर्ड ठेवला, तर आतली हवा फुगून काच सुटेल. मी त्यांना सांगितलं, की नागपूरचं ऊन त्याला झेपणार नाही. ते म्हणाले, "मग काय कामाचा?" पण काउंटरवरच्या काचेखाली त्यांनी बोर्डाचा फोटो लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? तर सांगतात, "पोरीनं घेतला. ठोकून घेतला."

इतकंच आजच्या भागात. ज्याच्याकडं बोर्ड आहे त्यानं कधीतरी कुणाला तरी उसना द्या. इतिहास तिथूनच पुढं जातो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत राहा!